अब्बांची लाकडी खुंटी

ट्रॅक्टरच्या पोटातलं मला सगळं कळतं! सतरा वर्षं मस्कतच्या गॅरेजात मी काय खजूर खात बसलो होतो? असं हर्णेच्या बंदरावर चार लोकांत बोललो, आणि तिथेच फसलो.

अब्बा गेल्यापासून त्यांचा जुना ट्रॅक्टर परसात गंजत होता. पावसाळ्याआधी होड्या समुद्रातून वर ओढायच्या त्या अब्बांनीच, चाळीस वर्षं! डिझेलचा वास आला की मला अजून अब्बाच घरी आल्यासारखं वाटतं. पण माझी थोरली बहीण साबेराआपा ठाम होती.

"परवा भंगारवाला येतोय. त्याच्या आत गुणाजीकाकांची होडी वर काढून दाखव, तर ट्रॅक्टर ठेवू. नाय तर गेला!"

मी गिअरबॉक्स उघडला. ओझं पडलं की दुसरा गिअर निसटायचा. आतली स्प्रिंग मेली होती. नवी बसवली. हे काम मी चोख केलं. आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे सांगण्यासारखं काही नाही.

मागे होडीचा दोर अडकवतात तिथे बघतो, तर लोखंडी पिनेऐवजी लाकडाची खुंटी! जुन्या वल्ह्यातून हाताने तासलेली. सीटखालच्या पेटीत तशाच आणखी डझनभर. "अब्बा पण ना!" मी हसलो, ती खुंटी काढून परसात फेकली, अंगठ्याएवढी पोलादी पिन ठोकली आणि पेटी बंबात रिकामी केली. आंघोळीचं पाणी झकास तापलं.

दुसऱ्या दिवशी भरतीला दोर बांधला. गिअर टिकला! होडी निम्मी वर आली. मी मान वळवून आपाकडे बघणार, तेवढ्यात एक दांडगी लाट होडीखाली शिरली. होडी मागे, आणि तिच्यामागून ट्रॅक्टर! ओल्या वाळूत चाकं नुसती गरगरत होती.

गुणाजीकाका ओरडले, "अस्लम, खुंटी तोड!"

"कसली खुंटी?"

"अरे, दोराची! हातोडीचा एक घाव! होडी जाते, ट्रॅक्टर राहतो. तुझा बापूस म्हनूनच लाकडाची घालायचा!"

मी उडी मारून आठ घाव घातले. पिनेवर ओरखडा नाही! काका ओरडले, "आता तू तरी वर ये! होडी मिळंल दुसरी!" तोवर ट्रॅक्टर सीटपर्यंत पाण्यात, आणि मासळीचा लिलाव सोडून अख्खं बंदर किनाऱ्यावर! शेवटी तीस जणांनी दोर धरून होडी आणि ट्रॅक्टर एकदम ओढले. गिअरबॉक्समधून तेलाआधी समुद्र निघाला.

भंगारवाला आला तेव्हा मी मान खाली घालून उभा होतो. आपा पुढे झाली.

"ट्रॅक्टर विकायचा नाय."

"पण होडी तर वर..." मी पुटपुटलो.

"आली ना वर? तीस मानसांनी का होईना!" तिचे डोळे भरले होते. "काल सगळे अब्बांचंच बोलत होते रे."

डोळे पुसून मी म्हणालो, "आपा, कालपासून अंग मिठाने खाजतंय. पाणी तापवतो."

"गारच घे," आपा म्हणाली. "अब्बांची एकच खुंटी उरलीय, ती मी लपवून ठेवलीय!"