अठरा किलोंची ट्रायल

आमच्या सोसायटीतले जगदाळे काका दर मे महिन्यात एक दिवस, पाठीवर तांदळाने भरलेली सॅक घेऊन, पिंपरी-चिंचवड बघायला निघतात. या दिवसांत इथली कुत्रीसुद्धा उभ्या गाड्यांखालून बाहेर यायला राजी नसतात. काकांचं वय चौसष्ट आहे.

सॅक मुलाच्या कॉलेजातली. आत काकूंच्या डब्यातला इंद्रायणी तांदूळ, काट्यावर तोलून. पहिल्या वर्षी बारा किलो होता, मग चौदा, गेल्या वर्षी सोळा. यंदा अठरा. वय वाढलं की माणसं ओझं कमी करतात, काकांचं सगळंच उलटं. "आमचा तांदूळ माझ्यापेक्षा जास्त हिंडलाय," असं काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात आणि संध्याकाळी त्याच तांदळाचा भात लावतात.

काका मूळचे माण तालुक्यातले. चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत तीस वर्षं क्वालिटी खात्यात होते. तीस वर्षं कंपनीच्या बसने गेले, बसने आले आणि दोन्ही वेळा झोपले. त्यामुळे हे शहर वाढलं ते काकांच्या झोपेत. रिटायर झाले तरी खातं सुटलं नाही. भाजीवाल्याची गवार मोडून बघतात आणि "लॉट रिजेक्ट" म्हणून पुढे जातात. लग्नात जिलबी खाऊन आचाऱ्याला "ओके, पॅक करा" म्हणतात.

तर या हिंडण्याचं कारण असं की काकांचा मुलगा महेश जर्मनीत असतो. तो, सून आणि नात मे महिन्यात आठ दिवसांसाठी येणार असतात. सात दिवस सासुरवाडी, लग्नं वगैरे. एक दिवस काकांच्या वाट्याचा. त्या एका दिवसात शहर दाखवायचं, आणि कुठे चूक व्हायला नको, म्हणून आधी ट्रायल. तीन वर्षं ट्रायल झाली, पाहुणे आले नाहीत. कधी व्हिसा आडवा आला, कधी नवी नोकरी, कधी घराचं काम.

मी शाळेत भूगोल शिकवतो, मे महिन्यात मला सुट्टी असते आणि मला नाही म्हणता येत नाही. या तीन गुणांवर यंदा माझी निवड झाली.

"काका, ट्रायलच घ्यायची तर रिकाम्या हातानं घेऊ," मी म्हणालो.

"आवो सर, ट्रायल लोडवर घ्यायची आसती. रिकाम्या मशिनला कोण इचारतंय?"

सॅकवर त्यांनी ओला नॅपकिन पांघरला होता. स्वतःच्या टकलावर काही नव्हतं. तांदळाला ऊन लागत नाही, हे मी सांगून बघितलं. "तुमी तुमचा भूगोल बघा," ते म्हणाले.

सकाळी दहाला बसथांब्यावर उभे राहिलो. थांब्याला ज्या कंपनीचं नाव आहे ती केव्हाच गेली, तिथे आता बावीस मजली टॉवर आहेत. टॉवरमधली माणसंही कंपनीचंच नाव सांगून उतरतात. थांब्याला छप्पर होतं, पण त्याची सावली मागच्या गटारावर पडत होती. काकांनी वही काढून लिहिलं, "सावली दोन फूट आऊट."

मग 'आय लव्ह' वाले बोर्ड. आमच्याकडे दर चौकाचं स्वतःवरच प्रेम आहे, तेही माणसाच्या उंचीच्या स्टीलच्या अक्षरांत. काकांनी प्रत्येक अक्षराला तळहात लावून बघितला. "भाजतंय. रिजेक्ट." असे चार चौकांचे प्रेमभंग करून आम्ही एका बागेत पोचलो.

बारा वाजले होते. काका घसरगुंडीपाशी थांबले, शिडी चढून वर बसले, सॅक पुढे मांडीवर घेतली आणि सरळ खाली आले. वॉचमन शिट्टी फुंकत धावला.

"ओ काका! लहान पोरांसाठी आहे ती!"

"दोन मिनटं भाऊ. चेकिंग हाय."

चेकिंग हा शब्द ऐकताच वॉचमनने टोपी नीट केली, कारंजं चालू केलं, बाकावर झोपलेल्या दोघांना उठवलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, रिपोर्ट जरा चांगला लिवा." मी हो म्हणालो. काकांनी लिहिलं, "घसरगुंडी पाचनंतर."

तीनच्या सुमाराला आम्हाला हायवे ओलांडायचा होता. पादचारी पूल होता, लिफ्टही होती, पण लिफ्टच्या दारात कुणीतरी शोभेच्या कुंड्या मांडल्या होत्या. काका पायऱ्या चढू लागले. अर्ध्यावर आले आणि गुडघा धरून खाली बसले. मी सॅकला हात घातला तर त्यांनी तो झटकला. तेवढ्यात फोन वाजला. महेश.

"बोल रे... व्हय... न्हाई रे, रागवायचं काय त्यात. रजाच न्हाई तर तू तरी काय करणार. व्हय, पुढच्या मे मधी." मग म्हणाले, "बरं, शाळेत वजन केलं का रं तिचं?... साडेअठरा? बरं बरं."

फोन खिशात ठेवून ते सॅककडे बघत राहिले.

"आर्धा किलो कमीच भरला सर आपण."

बारा, चौदा, सोळा. तो नॅपकिन, ती मांडीवरची सॅक. मी दिवसभर केलेल्या थट्टेची मला लाज वाटली.

"दुपारी दमणार हो ती," काका म्हणाले. "चार पावलं चालली की लेकरू हात वर करणार. तवा आजोबानं 'थांब' म्हणायचं व्हय? महेशला मी कधी असा घेतलाच न्हाई. शिफ्टवरनं यायचो तवा त्यो झोपलेला." त्यांनी गुडघा चोळला. "पुढच्या वर्षी वीस व्हतील. ते झेपवीन कसंबी. पण त्याच्या पुढच्या वर्षी तीच म्हणंल, मी चालते."

मी सॅक उचलली. या खेपेला त्यांनी हात झटकला नाही. दोन्ही पट्टे ओढून बघितले आणि मान हलवली. अठरा किलो म्हणजे किती, ते मला पाचव्या पायरीवर कळलं.

पुलावर ऊन नुसतं तापलं होतं. खालून कांद्याचे ट्रक चालले होते. मागून काका लंगडत येत होते.

"सर, डोक्यावरचं सरकलंय बघा."

मी थांबलो. बाटलीतल्या उरलेल्या पाण्याने नॅपकिन भिजवला आणि पुन्हा तिच्या डोक्यावर नीट ओढून घेतला.