भाव फोडायचा न्हाय

आमच्या शेजारचे मल्लाप्पा, म्हणजे अख्ख्या गल्लीचे आप्पा, कुणाचाही हात हातात घेण्याआधी त्यावर आपल्या खांद्यावरचा टॉवेल टाकत. मग तो पोस्टमन असो, डॉक्टर असो, की शाहूपुरीत नव्यानं भाड्यानं राहायला आलेला माझ्यासारखा प्राध्यापक असो. पहिल्याच भेटीत त्यांनी टॉवेलखाली माझी बोटं चाचपली, दोन दाबली, एक मुडपलं आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिले. मला वाटलं, नाडी बघतायत. मी जीभ बाहेर काढून दाखवली.

"मास्तर हाईत न्हवं?" त्यांनी माझ्या बायकोला विचारलं. ती हो म्हणाली. "तरीच," म्हणाले आणि आत गेले.

आप्पांची हयात म्हशींच्या दलालीत गेलेली. जनावरांच्या बाजारात घेणारा आणि विकणारा यांच्या मधे उभं राहायचं, हे त्यांचं काम. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. टॉवेलखाली हातात हात घेऊन बोटं दाबायची आणि आकडा सांगायचा. भोवतीच्या गर्दीला पत्ता लागत नाही. वर तोंडानं मात्र "छ्या, न्हाय परवडत, चला पावणं" हे चालूच. या धंद्यातला एक नियम आप्पा उठताबसता ऐकवायचे, "भाव फोडायचा न्हाय." मनातलं तोंडावर येऊ द्यायचं नाही. ज्याची गरज दिसली तो बुडाला.

धंदा सुटला तरी नियम सुटला नव्हता. चहाची तल्लफ आली की ते आमच्या दारात येऊन हवापाण्यावर बोलत बसायचे. चहा आणला की म्हणायचे, "आता केलासाच हाय तर द्या." डॉक्टरांनी "कुठं दुखतंय?" विचारलं, तर यांचं उत्तर, "फी तुमी घेनार आनि मी वळखून सांगू व्हय?" डॉक्टर बिचारे टाचेपासून वर दाबत यायचे. एकदा दुखणं दाढेचं निघालं.

या माणसाला हसायचा मला काय अधिकार होता म्हणा. मी बी.एड. कॉलेजात बालमानसशास्त्र शिकवायचो. लहान मुलांना दुसऱ्याचं मन कधी आणि कसं कळायला लागतं, यावर मी तासभर न थांबता बोलत असे. समोरच्या पोरांना झोप आलीय हे मला घंटा झाल्यावर कळायचं. घरी बायको "काही झालेलं नाही" म्हणाली, की मी काही झालेलं नाही असं समजून पेपर उघडायचो. आमच्या संसारातली निम्मी भांडणं अशी सुरू झाली. उरलेली, आधीची मिटली असं मी समजून चाललो म्हणून.

आमची सायली साडेतीन वर्षांची झाली तेव्हा मी पुस्तकातला एक प्रयोग तिच्यावर करायचं ठरवलं. बायको अंघोळीला गेली होती. मी सायलीच्या देखत डब्यातला लाडू काढून कपाटात ठेवला आणि विचारलं, "आता आई आली की लाडू कुठं शोधेल?" सायली म्हणाली, "कपाटात." मला कोण आनंद झाला. बरोबर पुस्तकात लिहिल्यासारखं. आपल्याला माहीत आहे ते सगळ्यांनाच माहीत असतं, असं या वयात वाटतं. (माझ्या वयातही वाटतं, पण ते पुस्तकात नव्हतं.)

वर्षा-दीडवर्षानं पुन्हा तोच लाडू, तोच डबा, तेच कपाट. उत्तर "डब्यात" यायला हवं होतं. सायलीनं जरा विचार केला आणि म्हणाली, "आई शोधणारच नाही. तिला वाटेल बाबांनी खाल्ला." एवढं पुढचं उत्तर माझ्या पुस्तकात नव्हतं, आणि तोवर लाडूही खरोखरच शिल्लक नव्हता.

ही प्रगती माझी नव्हे, आप्पांची. संध्याकाळी ते कट्ट्यावर बसायचे आणि सायलीचा हात टॉवेलखाली घ्यायचे. एक बोट म्हणजे चिक्की, दोन म्हणजे फुटाणे. "आजोबाच्या खिशात काय हाय?" सुरुवातीला ती खणखणीत आवाजात ओरडायची, "दोन बोटं दाबली." आप्पा कपाळावर हात मारून घ्यायचे. "भाव फोडलास की गं बया." हळूहळू तिच्या लक्षात आलं, की आपल्याला कळलं तरी लगेच सांगायचं नसतं. मग लक्षात आलं, की तोंडानं एक आणि बोटानं दुसरं सांगता येतं. त्यानंतर महाद्वार रोडवर खेळण्यांच्या दुकानापुढं उभी राहून ती शांतपणे म्हणायला लागली, "मला काही नकोय, बाबा. तुम्ही दमला असाल." मी लगेच आत जाऊन बाहुली घेऊन यायचो. बायको म्हणायची, "पोरीला घडवतायत आप्पा आणि फसताय तुम्ही."

आप्पांचा एकुलता मुलगा शरणू बेंगळुरूला इंजिनिअर होता. आई, गंगव्वा, गेल्यापासून आप्पा त्या घरात एकटेच. त्या वर्षी जवळच्याच शिरोलीच्या एका कारखान्यानं शरणूला नोकरीला बोलावलं. पगार थोडा कमी, पण घर कोल्हापुरात. तो दर रविवारी फोन करून विचारायचा, "येऊ का आप्पा परत?" आणि आप्पांचं उत्तर गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं, "तुझं तू बघ की. मला काय धाड भरलीया?" फोन ठेवल्यावर ते बराच वेळ फोनवर हात ठेवून बसायचे. मी खिडकीतून बघायचो आणि बायकोला म्हणायचो, "बघ, म्हातारा किती खमका आहे." ती काही बोलायची नाही. मी पेपर उघडायचो.

दिवाळीला शरणू आला. पाडव्याच्या संध्याकाळी आम्ही सगळे आप्पांच्या कट्ट्यावर चहा घेत होतो. सायली आप्पांना चिकटून, दोघांचे हात टॉवेलखाली. कारखान्याला हो की नाही ते सकाळी कळवायचं होतं.

"आप्पा, शेवटचं विचारतो," शरणू म्हणाला. "येऊ, का तिकडंच राहू?"

आप्पांनी दुसऱ्या हातातली बशी ओठाला लावली. "ऱ्हा की तिकडंच. हितं काय ठेवलंय? माझी काळजी करू नगंस, मी गडी हाय धडधाकट."

शरणू माझ्याकडं वळला. "सर, तुमचा तर अभ्यासच आहे. तुम्ही रोज बघता यांना. खरं काय वाटत असेल?"

मी घसा साफ केला. "माझ्या निरीक्षणानुसार आप्पा मनानं संपूर्ण स्वावलंबी आहेत." बायकोनं माझ्याकडं असं पाहिलं, की तिच्या मनातलं मला त्या दिवशी पहिल्या झटक्यात कळलं. पण बोलून गेलो होतो.

शरणूचा चेहरा पडला. "बरं. मग उद्या नाही म्हणून कळवतो."

"आई गं," सायली कळवळली. "आप्पाआजोबा, बोटं दुखतायत माझी."

आप्पांनी पटकन पकड सैल केली. सायली शरणूकडं बघून म्हणाली, "काका, तुम्ही नाही म्हणालात ना, तेव्हा जोरात दाबली. त्यांना तुम्ही यायला हवंय. पण ते सांगणार नाहीत. सांगितलं की आपण हरतो असं त्यांना वाटतं."

आप्पा रागावतील या भीतीनं मी सायलीला ओढून माझ्याजवळ घेतलं. शरणू उठला, तिच्या जागेवर जाऊन बसला आणि त्यानं आपला हात टॉवेलखाली घातला.

"येऊ?" त्यानं विचारलं.

आप्पा समोरच्या आकाशकंदिलाकडं बघत राहिले. तोंडातून शब्द नाही. शरणूनं मान खाली घातली, "बरं" म्हणाला, आणि चहा पार निवून गेला तरी दोघांनी हात बाहेर काढले नाहीत. टॉवेलखाली काय ठरलं ते आम्हाला दिसलं नाही. शरणूनं शिरोलीची नोकरी धरली एवढं खरं.

चार दिवसांनी सकाळी आप्पा आमच्या दारात आले. या खेपेला हवापाणी काढलं नाही.

"मास्तर, पोरीला दलालीत घालू नगासा. वळखती झ्याक, पन पोटात ठेवत न्हाय."

मी हसलो. ते हसले नाहीत. दाराच्या चौकटीला धरून उभेच राहिले.

"त्याची आय गेली तवाबी त्यानं असंच इचारलंतं. ऱ्हाऊ का आप्पा, म्हनून. मी म्हनलो, जा, तुजी रजा संपली आसंल. ष्टँडवर सोडायला गेलतो. गाडी लांब जाईस्तवर हात हलवत हुबा ऱ्हायलो." त्यांनी खांद्यावरचा टॉवेल ओढून हातात घेतला. "मला ऱ्हा म्हनायचं हुतं ओ. आनि त्याला वाटलं आसंल, आय गेली, आनि बापाला मी नगोसा झालो. इतकी वर्सं त्याला तसंच वाटत ऱ्हायलं आसंल."

मी शिकवलेल्यातलं एकही वाक्य उपयोगाचं नव्हतं, आणि या वेळी तेवढं मला कळलं. आप्पा तिथंच आमच्या दारात, समोरून भाजीवाली जात असताना, लहान पोरासारखे रडले. तोंड लपवायचं त्यांच्या मनातही आलं नाही.