चंद्राबाईंची पदकं

चंद्राबाई मिरच्या घ्यायला जातानासुद्धा छातीवर पदकं लावून जायच्या. एखाददुसरं नव्हे, खांद्यापासून खाली रांगच्या रांग. त्या गल्लीच्या तोंडाशी आल्या की आधी खुळखुळ ऐकू यायची, मग अत्तराचा वास यायचा आणि मग चंद्राबाई. मंगळवारच्या बाजाराला डोंगरातून येणाऱ्या बायकांच्या अंगावर स्वतःचीच पसाभर चांदी असे. त्यांना या थाटाचं काडीचं कौतुक नव्हतं. 'एवढीशीच?' अशा नजरेनं त्या बाईंकडे बघायच्या.

तेव्हा आमच्या यांची बदली शहाद्याच्या मामलेदार कचेरीत झाली होती. आम्हाला मिळालेलं बिऱ्हाड चंद्राबाईंच्या भिंतीला भिंत लागून. गाडीतून सामान उतरतंय न उतरतंय तोच ही पदकांनी मढलेली बाई दारात उभी. मला वाटलं, कुठल्या संस्थानची राणी वाट चुकली. यांना वाटलं, पोलीस खात्यात आता बायकाही घेतात की काय!

बाई मूळच्या तापीकाठच्या प्रकाशा गावच्या. आधी बैठकीत गात. पुढं एका नाटक कंपनीच्या मालकानं तो गळा ऐकला आणि त्यांना रंगभूमीवर उभं केलं. गावोगाव पदकं मिळाली. मग कंपनी बुडाली आणि बाई एका ट्रंकेत सगळा संसार घालून शहाद्याला येऊन राहिल्या. गाण्याची पदकं डावीकडे, अभिनयाची उजवीकडे, हा त्यांचा दंडक. उजवीकडे एकच होतं.

"हे अमळनेर," त्या अभिमानानं सांगत. "यात मी रडले होते."

रडण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतंच म्हणा. दुधात पाणी दिसलं की बाई भांडत नसत. गवळ्यासमोर पातेलं धरून असं काही रडत, की तो बिचारा दुसऱ्या दिवशी आपणहून दाट दूध आणायचा. त्याच म्हशीचं दूध आमच्या घरी पातळच यायचं, कारण मला रडता येत नव्हतं.

प्रत्येक पदकाला ते मिळालं त्या गावाचं नाव. "वहिनी, बऱ्हाणपूर काळं पडलंय, चिंच आहे का हो घरात?" असं बाई भिंतीपलीकडून विचारायच्या. एकदा सकाळी त्यांनी टाहो फोडला, "सुरत बुडाली! सुरत बुडाली!" समोरचे कापूसवाले शेठ तोंडातली दातवणाची काडी टाकून धोतर सावरत धावत आले. त्यांचा माल सुरतेला गेला होता. बाईंची सुरत रांजणात पडली होती. शेठनीच बाह्या सरसावून ती बाहेर काढली आणि दिवसभर कोणाशी बोलले नाहीत.

रोज सकाळी माझा तवा चुलीवर चढला की भिंतीवर टकटक व्हायची.

"वहिनी, जरा येता का? बोटं वळत नाहीत हो. पदकं लावायची राहिलीत."

मी पिठाचे हात पुसून जायची. सासूबाई मागून बजावायच्या, "लावून ये. पण पाणीबिणी पिऊ नकोस तिथं." भिंत काही किल्ल्याची नव्हती, पलीकडे सगळं ऐकू जात असणार. गल्लीतल्या बायका बाईंना हळदीकुंकवाला बोलवत नसत आणि त्यांच्या घरी जातही नसत. नाटकात उभी राहिलेली बाई ना ती! मीही घाईघाईनं पिना लावून पळायची. एरवी अखंड बोलणाऱ्या चंद्राबाई तेवढा वेळ मात्र हनुवटी वर करून, डोळे मिटून गप्प बसायच्या.

माझी ही धावपळ आमच्या गल्लीतल्या रहीमचाचांनी पाहिली. चाचा शिंपी. तरुणपणी सारंगखेड्याच्या जत्रेत घोडा बघायला गेले आणि बाईंचं गाणं ऐकत बसले, घोडा राहिलाच. त्यांना बाईंसाठी काहीतरी करायचं होतं. 'उजळून देतो' म्हणून त्यांनी सगळी पदकं मागून नेली आणि चार दिवसांनी एक मखमली जाकीट घेऊन आले. सगळी पदकं त्यावर पक्की शिवलेली. सकाळी अंगात घातलं की काम झालं!

"वढी पाहा बाई," चाचा खुशीत म्हणाले. "हत्तीनी वढं तरी निंघाव नही."

चंद्राबाईंचा चेहरा उतरला. रागावल्या की त्यांची नाटकातली मराठी गळून पडायची आणि आतली अहिराणी बाहेर यायची.

"कोनी सांगं व्हतं तुले? पदक शेतस का बटन शेतस?"

"बाई, वहिनीना रोजना तरास वाचना ना."

"तरास," बाई म्हणाल्या. एकदा माझ्याकडे बघितलं, जाकीट उचललं आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर भिंत गप्प झाली. माझी भाकरी करपायची थांबली, कामं वेळेवर उरकू लागली आणि मला ते मुळीच आवडेना. सकाळी कान भिंतीकडे लागायचे. बाई बाजारातही दिसेनात. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "बघून ये गं, आजारी तर नाही?"

चिंचेचा गोळा घेऊन मी मागच्या दारानं गेले. चंद्राबाई आरशासमोर बसल्या होत्या. जाकीट मांडीवर. सुरीच्या टोकानं त्या चाचांचे टाके उसवत होत्या. एक पदक सुटलं. त्यांनी खाली न बघता, एका हातानं, चिमटीसरशी ते पदराला लावलं. चांगलं सरळ लागलं. आरशात क्षणभर बघितलं आणि काढून खाली ठेवून दिलं. मग दुसरं. तेही लावलं आणि काढलं. न वळणारी ती बोटं!

मी आरशात दिसले तशा त्या दचकल्या. पण सोंग आणलं नाही.

"पुरुषानं बाईला पदक लावायचं नाही, अशी रीत होती, वहिनी," त्या म्हणाल्या. "मग कोणा साहेबाची, कोणा शेठची बायको वर यायची. पिन लावताना तिचा हात इथं गळ्यापाशी लागायचा. गरम असायचा." पुढचं अहिराणीतच आलं. "त्या बायासना घरमा माले कोनी येऊ दिधं नसतं. पन तितला येळ ती मन्हा जोडे उभी ऱ्हाये. आते आठे तूच येस, माय."

पिन लागेपर्यंत का होईना, कोणीतरी त्यांच्या शेजारी उभं राहायचं; आता इथं येणारी मी एकटीच. इतके महिने मी त्या बाईला पिना टोचून पळत होते आणि तेवढ्यासाठी ती सकाळची वाट बघत होती. मी चिंच खाली ठेवली, त्यांच्याजवळ बसले आणि दोघींनी मिळून उरलेले टाके उसवले. रहीमचाचांची शिवण खरंच पक्की होती. दुपार त्यातच गेली.

मग मी एकेक पदक लावायला घेतलं. बाईंनी हनुवटी वर केली, डोळे मिटले. पलीकडून सासूबाईंची हाक आली, मी ओ दिली नाही. शेवटचं पदक लावून झालं तेव्हा बाईंनी डोळे उघडले.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"थांबा," मी म्हणाले, "हे वाकडं लागलंय."

आणि ते पुन्हा काढून सावकाश लावत बसले. वाकडं वगैरे काही नव्हतं.