पाठक काकाची पुढची तारीख

माझी स्कूटी हवेत होती. मी लेकरायच्या दवाखान्याच्या पायरीवर, कडेवर तापानं फणफणलेली स्वरा, हातात औषधाची चिठ्ठी, अन् समोर टोइंगवाल्यायच्या गाडीले माझी स्कूटी लटकून राहिली. हूकले स्वराच्या दुधाच्या बाटलीची पिशवी तशीच. मी ओरडली, "अहो दादा, दूध आहे त्यात." मले म्हणायचं होतं गाडी माझी आहे, पण तोंडातून दूधच निघालं.

पळाली तं एक चप्पल पायरीवरच राहिली. अन् पाहतो काय, टोइंगच्या गाडीसमोर, भर रस्त्यात, एक म्हातारा माणूस उकिडवा बसून शिंप्याच्या टेपनं डांबर मोजून राहिला. मागून हॉर्न, ऑटोवाले शिव्या देऊन राहिले. त्यायनं मान बी वर केली नाई.

"बोर्डापासून चाकापर्यंत सतरा फूट चार इंच," म्हणे. "पंच कोण आहे इथं? मले दोन पंच पाहिजेत."

ट्राफिकचा पोलीस म्हणे, "काका, बाजूले व्हा. पार्किंगचा नियम मोडला बाईनं."

"कोणता नियम? लेखी दाखव."

"बोर्ड आहे ना तिकडे."

"तिकडे म्हणजे कुठं? चाल, दाखव."

पोलीस दाखवाले गेला अन् स्वतःच थांबला. कारण बोर्डावर एका भावाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता. भाऊ हात जोडून हासून राहिले, मागं वाघ, खाली बत्तीस शुभेच्छुक. त्याच्या पल्याडच्या खांबावर नुसतं P2. भिंतीवर कोणीतरी लाल रंगानं लिहिलेलं, येथे गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल. अन् त्याच्याच खाली पार्किंग असा बाण, थेट नालीकडे. काकानं चारही वाचले, मोठ्यानं, पूर्णविरामासकट. लोक जमले. पोलिसाले घाम आला. त्यानं स्कूटी खाली ठेवाले लावली, पण फोटो काढला होता, चलान फाडून झालं होतं. ते काही खाली आलं नाई.

ते पाठक काका आमच्या गल्लीतलेच. जुन्या शहरात आमच्या घरापासून तिसरं दार. कोर्टात बेलिफ होते, म्हणजे लोकायच्या घरी समन्स नेऊन द्याचे. आता रिटायर झाले, पण पाय काही रिटायर झाले नाई. बगलेत फाईल, खिशात टेप अन् खडूचा तुकडा, असे साऱ्या अकोल्यात पायी फिरतात. त्यायच्यापाशी गाडी नाई. सायकल बी नाई. पण पार्किंगचा बोर्ड दिसला की खाली उभं राहून पुरा वाचतीन, अन् चूक असली तं वहीत लिहून घेतीन. एकदा दूधवाल्याचं माप मोजाले दोन पंच बोलावले. तो दूधवाला आता गल्लीतच येत नाई, आमी कोपऱ्यावर जातो. सत्यनारायणाच्या प्रसादाले कोणी बोलावलं तं म्हणे, लेखी निमंत्रण आहे का. तवापासून कोणी बोलावलंच नाई.

मी बी कधी बोलली नव्हती त्यायच्याशी. लग्न होऊन आली तवाच सासू म्हणे, त्या घराकडे पाहू नको, तो म्हातारा हातात कागद देईन.

पण त्या दिवशी मले दुसरं कोण होतं? सासू आता मोठ्या जाऊपाशी भातकुलीले असते. स्वराचे पप्पा नांदगाव पेठेत कपड्याच्या कंपनीत, शनिवारी रात्री येतात, सोमवारी पहाटे जातात. स्कूटी त्यायच्या नावानं. मले शिकवली तवाच म्हणत होते, "एकबी भानगड झाली ना, गाडी मी तिकडे घेऊन जाईन. मले बी लागतेच." गेली गाडी म्हणजे माझा दवाखाना गेला, भाजी गेली, आईकडचं जाणं गेलं. पुन्हा घरात. नववीपर्यंत शिकलेल्या बाईले कोण बाहेर नेऊन आणते? चलानचा मेसेज त्यायच्या जुन्या नंबरवर आला, बटणाच्या फोनचं ते सिम आता माझ्याच मोबाईलमध्ये, म्हणून वाचली. पण दोन महिन्यानं विम्याची तारीख. विमा भराले बसले की त्यायले ते चलान दिसलंच असतं.

मी म्हटलं, गुपचूप भरून टाकतो. संध्याकाळी पाहतो तं काका दारात उभे. "भरलं म्हणजे कबूल केलं. अर्जदार, तुमी कबूल करता का?"

मी म्हटलं, "आधी आत या, बसा. चहा घ्या."

"आत येऊ?"

"या ना."

"आत येऊ म्हणता?" असं तीनदा विचारलं. मंग चपला इतक्या सरळ लावल्या, जशा त्यायच्यावर बी चलान होणार होतं.

मंग जबाब घेतला माझा. गाडी तिकडच्याच बाजूनं काहून लावली? मी खरं सांगतलं. पानठेल्यावाला म्हणे, इकडे विषम अन् तिकडे, P2 च्या बाजूले, सम, आजचा दिवस पाहून लावा. मले संकष्टी होती. मी मनात मोजलं, आज चतुर्थी, म्हणजे चार, म्हणजे सम. लावली. तारीख सतरा होती ते मले पोलिसानं सांगतलं.

मले वाटलं काका हासतीन. काकाचे डोळे चमकले. "थांबा," म्हणे, "हळू सांगा, लिहून घेतो." अन् अर्जात लिहिलं की सदर फलकावर सम-विषम तिथीप्रमाणे की तारखेप्रमाणे याचा कोणताही खुलासा नसल्याने अर्जदार ही पंचांगाप्रमाणे वागली असता तिचा दोष दिसून येत नाही. मले वाचून दाखवलं. मले पयल्यांदा वाटलं, माझी चूक इतकी मोठ्या घरची आहे.

तवापासून मी अर्जदार झाली. स्वरा साक्षीदार. चहा सदर चहा. रविवार सोडून रोज संध्याकाळी पाचले दार वाजे, दोनदा, थांबून एकदा.

"अर्जदार घरी आहेत का?"

"आहे ना काका. जाईन कुठं?"

"साक्षीदाराचा ताप?"

"उतरला."

"लेखी आहे का?"

मी डॉक्टरची चिठ्ठी दाखवू. मंग ते स्वराले मांडीवर घेऊन फाईल उघडत. स्वरा टेप ओढून ओढून बाहेर काढे, ते गुंडाळत, ती पुन्हा काढे. ऑफिसच्या भाषेत बोलणारा माणूस तिच्याशी बोलताना म्हणे, "काय वं पोट्टे, किती लांब करशीन?"

अकोल्याच्या ट्राफिक ऑफिसनं तीन खिडक्या फिरवल्या. पहिली म्हणे दुसरी, दुसरी म्हणे तिसरी, तिसरीवर जेवणाची सुट्टी. जेवण झाल्यावर तिसरी म्हणे पहिली. काकानं साऱ्यायच्या सह्या घेतल्या. मंग एक दिवस दोन साहेब जागेची पाहणी कराले आले. त्यायनं त्यायची जीप त्याच फ्लेक्सखाली लावली, त्याच बाजूनं. तारीख होती पाच. काकानं फोटो काढला. साहेब म्हणे, "काका, आमी ड्युटीवर आहो."

"ड्युटीचा बोर्ड दाखवा," काका म्हणे.

त्यायनं कागद वर पाठवला. वर म्हणजे अमरावती. काका म्हणे, चला. मले धडकीच भरली, कारण नांदगाव पेठ तिथून कितीक दूर? एसटीत मी तोंडाले पदर घेऊन बसली. काका म्हणे, "अर्जदार, तुमी फिर्यादी आहा. आरोपीसारखं काहून बसता?"

त्या एसटीतच काका पयल्यांदा स्वतःचं बोलले. खिडकीतून बाहेर पाहून. म्हणे, "मी दार वाजवलं ना, की आतला टीव्ही बंद व्हायचा. लेकराले गप करायचे. घरातलाच माणूस घरातून सांगायचा, घरी कोणी नाई. सारी नोकरी मी बंद दारं वाचली." काकू कवाच्या गेल्या, मूलबाळ नाई. मी त्यायले चिवडा दिला.

अमरावतीच्या खिडकीवर काका एकटेच गेले, मी स्वराले पाणी पाजत होती. परत आले तं चश्मा पुसून राहिले. म्हणे, "पुढची तारीख दिली. तीन आठवड्यानं, गुरुवारी."

ते तीन आठवडे मले विचारू नका. शनिवारी स्वराचे पप्पा मोबाईल हातात घेत, अन् माझ्या हातातून पोळी तव्यावर वाकडी पडे. एकदा त्यायनं सहज म्हटलं, गाडीच्या विम्याचं पाहावं लागते. मी भांडं पाडलं, मुद्दाम. काकाले सांगतलं तं म्हणे, "धीर धरा, अर्जदार. प्रकरण मजबूत आहे." अन् दुसरा चहा घेतला.

गुरुवारी पुन्हा अमरावती. विम्याले चार दिवस राहिले होते. काका म्हणे, साक्षीदाराले भूक लागली, मी केळं आणतो. ते गेले, अन् खिडकी मोकळी दिसली म्हणून मीच गेली. चलानचा कागद सरकवला.

बाबूनं कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. "बाई, हे तं रद्द झालं."

"म्हणजे?"

"म्हणजे नाई आता चलान. तीन आठवडे झाले. मेसेज बी गेला, अर्जावर ज्यायचा नंबर आहे त्यायले. अन् मी सोता सांगतलं ना त्या काकायले. त्यायनं दोनदा वाचून घेतलं." मंग बाबू जरा हळू बोलला, "मले म्हणे, पुढची एखादी तारीख देता येते का. मी म्हटलं, कशाची?"

मी तिथंच बाकावर बसली. पयले तं हलकं वाटलं, इतकं हलकं की रडू आलं. अन् मंग डोकं भडकलं. तीन आठवडे. एकवीस रात्री मी छताकडे पाहत काढल्या, अन् हा माणूस माझ्या घरात बसून सदर चहा पेत होता.

काका आले. हातात दोन केळी, अन् स्वरासाठी कागदाची भिंगरी. स्वरानं लांबूनच दोन्ही हात केले त्यायच्याकडे. त्यायनं माझ्याकडे पाहिलं, मंग खिडकीकडे, मंग माझ्या हातातल्या कागदाकडे. केळं सोलाले लागले. त्याच्यावरचा एकेक दोरा काढून राहिले, लेकराच्या घशाले लागू नये म्हणून. मान खाली. कान लाल झाले होते.

"दिली का पुढची तारीख?" म्हणे.

माझ्या तोंडात लय काही होतं. अर्ध्या ऑफिसले ऐकू गेलं असतं.

मी म्हटलं, "दिली. उद्याची. सुनावणी आमच्या घरी ठेवली आहे. पाचले, चहाच्या टायमाले. अन् शनिवारी बी आहे, जेवणाच्या टायमाले. स्वराचे पप्पा राहतीन."

काकाचा हात थांबला. मले वाटलं, आता विचारतीन, लेखी आहे का. त्यायनं विचारलं नाई. "चालते," म्हणे, एकदम बारीक आवाजात, अन् केळ्याचा तुकडा स्वराच्या तोंडात दिला.

एसटीत स्वरा काकाच्या मांडीवर बसली. भिंगरी खिडकीत फिरत होती. माझा राग अजून गेला नाई, खरं सांगतो. त्यायनं माफी मागितली नाई, मी मागू बी दिली नाई. शनिवारी स्वराच्या पप्पाले सारं सांगावं लागीन, चलान, अमरावती, एकवीस रात्री, कारण काका जेवाले बसले म्हणजे ते विचारतीनच, हे आपल्या घरी कशापायी. गाडी ठेवतात का नेतात, मले माहीत नाई. तुमी माझ्या जागी त्या बाकावर असते, अन् तुमच्या समोर तो माणूस मान खाली घालून केळ्याचे दोरे काढत असता, तं तुमी काय केलं असतं?