ओरेस्टचा रिपोर्ट

शुक्रवारी दुपारी ओरेस्ट ट्रॅक्टरखाली आडवा पडलेला असताना फोन वाजला, आणि तो बाहेर निघेपर्यंत बंदही झाला. नंबर हॉस्पिटलचा! एरवी यात घाबरण्यासारखं काही नाही. पण मानेवरच्या गाठीचा तुकडा तपासायला घेताना तिथल्या बाईंनी बजावलं होतं, "काही वाईट असलं तरच फोन करू." आता बोला!

त्याने उलट फोन लावला. यंत्रातली बाई गोड आवाजात म्हणाली, "रांगेत आपला नंबर सतरावा आहे." नववा येईपर्यंत पाच वाजले आणि कचेरी बंद झाली. सोमवारी कॅनडाभर व्हिक्टोरिया डेची सुट्टी. मंगळवारपर्यंत माणसाने जगायचं कसं?

त्याची धाकटी मेहुणी झेनिया त्याच हॉस्पिटलात, रिपोर्टच्या खात्यात. पण रिपोर्ट फक्त डॉक्टरच सांगणार, असं तिने सही करून दिलेलं. रविवारी ती जेवायला आली तेव्हा ओरेस्टने तिला दारातच गाठलं.

"झेनिया, नुसती मान हलव."

"भाऊजी, नोकरी जाईल माझी."

"डोळा तरी मिचकाव!"

"जेवायला बसा बघू मुकाट्याने."

जेवताना तिने त्याच्या कोबीच्या रोलांवर दुप्पट आंबट क्रीम वाढलं. हीच बाई वीस वर्षं त्याच्या पोटाच्या घेरावरून टोमणे मारत आली होती. ओरेस्टच्या काळजात धस्स झालं. त्याने काटा खाली ठेवला.

"झेनिया, मनात ठेवून जाणार नाही मी. तुझा लसणाचा वाफा हरणांनी नाही तुडवला. मी ट्रॅक्टर मागे घेत होतो."

"काय? अहो, मी गावभर हरणांच्या नावाने खडे फोडत फिरले! आणि हे आज सांगताय?"

"हॉस्पिटलातून फोन आला ना शुक्रवारी. आता काय लपवायचं?"

"तो मी केला होता! क्रीम आणू का, विचारायला!"

"अगं, जरा हळू," ओरेस्टची बायको ओल्हा कळवळली. "त्यांची तब्येत..."

"तब्येत गेली खड्ड्यात! भाऊजी, येत्या ऑक्टोबरात वाफा तुम्ही खणायचा. लसूण तुम्ही लावायचा, पुढच्या उन्हाळ्यात तुम्हीच उपटायचा. आणि एकदा नाही, सलग पाच वर्षं! सुटका नाही तुमची!"

झेनियाने जीभ चावली.

"मी रिपोर्टबद्दल चकार शब्द काढलेला नाही हं."

"छे छे, कोण म्हणतं?" ओरेस्टला हुंदका आवरेना. "पण पाचच का गं? दहा म्हण की!"

"बरं, दहा," झेनिया म्हणाली. "आणि तण काढायचं ते वेगळं."