भानुदासनं आईला शिक्रापूरला आणलं

अरे, तिकडं भिंतीला टेकून काय बसलास? सरक पुढं. आणि तो मोबाईल पालथा घाल; म्हातारं माणूस बोलतंय, जरा तोंडाकडं बघावं. आमच्या भाडेकरूचं सांगते, भानुदासचं.

चप्पल झिजली की हा गडी एका पायात नवी, एका पायात जुनी घालून अख्ख्या शिक्रापुरात हिंडतो. नवी चावत नाही अशी खात्री पटली, तरच दुसरी बदलणार.

"अरे, लोक हसतात."

"हसू द्या, मावशी. काम थांबलं न्हाई पायजे."

ही खोड नोकरीची. सणसवाडीच्या कारखान्यात तो लिनक्सचे सर्व्हर, तिथले मोठे कॉम्प्युटर, सांभाळतो. म्हंजी बऱ्याच मशीनी जोडून एकच काम करतात, त्याला क्लस्टर म्हणायचं. त्यातलं सॉफ्टवेअर जुनं झालं, की हा एक मशीन बाजूला घेणार, नवं टाकणार, ते नीट चाललं तवाच दुसऱ्याला हात लावणार. "सगळं बदलतं, मावशी, आन् कुणाला पत्ताबी लागत न्हाई!" हे सांगताना लेकीचं लग्न उरकल्यासारखा फुलतो.

त्याची आई दौंडकडच्या गावात एकटी. तिला विसर पडायला लागला. गॅस चालू ठेवून झोपायची. इकडं आणायलाच हवी होती. पण एकदम हलवली तर बिथरेल, असं डॉक्टर म्हणाले. झालं! ह्यानं आईलाच अपग्रेडला घेतलं. दर रविवारी मोटारसायकलवर तिची एकेक वस्तू आणायची, तिथल्यासारखीच इथं मांडायची. भांड्यांची फळी, पाट, देव्हारा, वडलांचा फोटो. आम्ही बाया पोट धरून हसलो.

मग गावच्या शेजारणीचा फोन आला. "भानू, म्हातारी काठी घेऊन दारात बसलीया. जेवत न्हाई. म्हणती, घरात चोर येतोय."

इकडं खोली भरतेय तसं तिकडं घर उजाड होतंय, हे ह्या शहाण्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. ह्यानं मोटारसायकलची किल्ली उचलली. "मशीनला डोळे नसतात, मावशी," म्हणाला.

त्याच दिवशी तिला घेऊन आला. म्हातारीनं फळीवरून हात फिरवला. "छान ठेवलंय हो. माझ्या घरावानीच. आता मला घरी सोडा, माझा भानू यायचा असंल."

"कामावर हाय तो," भानुदास म्हणाला. "तवर दोन घास खाऊन घ्या."

आता कुणी पुरुष माणूस आत आला, की ती हरखून म्हणते, "भानू, आलास?" ह्यालाच तेवढं म्हणत नाही. म्हणून येणाऱ्याला हाच हळूच सांगतो, "व्हय म्हणा."

आज ती झोपलीय. पण लवकर ये पुन्हा, ती जागी असताना. 'व्हय आई' म्हण, जरा वेळ हात धरून बस. तो शेजारीच असेल. त्याच्याकडं बघू नकोस. पण ये.