वजनमापे निरीक्षकांची बिस्किटं

ऐन उन्हाळ्याच्या दुपारी, पंखा बंद करून, वजनमापे निरीक्षक स्वतःच्या घरात बनियनवर घामाघूम बसले होते, कारण बायकोचा नाताळ चालू होता. पंखा लावला की कागदाच्या चांदण्या उडत, आणि बायकोला नवरा वितळलेला चालत असे, पण चांदणी मुडपलेली चालत नसे.

डिसेंबरात साऱ्या जगाचा नाताळ असतो, तेव्हा आपल्या वस्तूंकडे निवांत बघायला कोणाला सवड असते, असं तिचं म्हणणं. म्हणून जुन्या वस्तू जमवणाऱ्या तिच्या पाच मैत्रिणींचा नाताळ उन्हाळ्यातल्या एका रविवारी दुपारी चार वाजता भरे. त्याआधी आठवडाभर घरात काचेचे गोळे वर्तमानपत्रातून सोडवले जात, पत्र्याच्या सांताक्लॉजची चावी फिरवून तो अजून चालतो का बघितलं जाई आणि ओव्हन लावून आल्याची बिस्किटं भाजली जात. घरात इतकं उकडे की मेणबत्त्या न पेटवताच माना टाकत. निरीक्षक कुरकुर करत, पण माळ्यावरून खोकी काढायला शिडीवर तेच चढत.

निरीक्षकांचा लौकिक असा की त्यांनी तराजूला नुसता हात लावला तरी दुकानदाराला घाम फुटे. पारड्याखाली चिकटवलेला चिंचोक्याएवढा मेणाचा गोळा त्यांच्या बोटांतून सुटत नसे. तेवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कोणाचं खोटं माप सोडलं नव्हतं, आणि स्वतः कधी खोटं बोललो नाही हे ते न विचारताही सांगत.

शनिवारी कचेरीत घरून खाऊ आणायची त्यांची पाळी होती. बायको सकाळीच मैत्रिणीकडे टेबलक्लॉथ आणायला गेली. जाताना ‘ओट्यावर डबा ठेवलाय, तो न्या’ म्हणाली. ओट्यावर डबे दोन होते. एक रोजचा स्टीलचा. दुसरा जुना, झाकणावर बर्फातल्या घसरगाडीचं चित्र असलेला. निरीक्षकांनी सवयीप्रमाणे दोन्ही उचलून पाहिले. स्टीलचा हलका लागला. घसरगाडीच्या डब्यात पाचच बिस्किटं होती, पण एकेक भलतं वजनदार. जड म्हणजे लोणी सढळ हाताने घातलेलं, असा हिशेब करून त्यांनी तोच डबा पिशवीत घातला. ही चूक दुसऱ्या कोणाच्या हातून झाली नसती. दुसऱ्याने आधी वास घेतला असता.

कचेरीत चौघं होती. मोठे साहेब, टंकलेखिका बाई, जप्त केलेली वजनं सांभाळणारा भांडारपाल आणि ड्रायव्हर. डबा उघडल्यावर तारा, घंटा, मेंढी, गाढव आणि एक पंखवाली परी पाहून बाई हरखल्या. म्हणाल्या, “वहिनींच्या हाताला काय कला आहे हो.”

आता इथे माणूस घसरतो. तेवीस वर्षं निरीक्षक हेच ऐकत आले होते. वहिनींचा हात, वहिनींची चव, वहिनींची हौस. निरीक्षकांच्या हाताचं कौतुक फक्त त्यांनी पकडलेले दुकानदार करत, आणि तेही दातओठ खात. कोण जाणे काय झालं, त्यांच्या तोंडून निघून गेलं, “नाही, ही मी केलीत.”

खोटं निघताना कसं कापसासारखं हलकं असतं. कचेरी थक्क झाली. साहेबांनी मान म्हणून तारा उचलला आणि चावला. कडक असा आवाज झाला. साहेबांचे डोळे क्षणभर बारीक झाले, मग मोठे झाले, मग त्यांनी रुमाल तोंडाला लावला आणि म्हणाले, “वा. वेगळीच चव.”

साहेबच वा म्हणाल्यावर बाकीच्यांनी काय म्हणायचं? भांडारपालाने मेंढीला जीभ लावली आणि नंतर सावकाश खाईन म्हणाला. बाईंनी घंटा मुलासाठी राखून ठेवली. ड्रायव्हरने गाढव खिशात घातलं आणि गाडी पुसायला गेला, ती त्या दिवशी दोनदा पुसली गेली. निरीक्षकांना साखरेचा आजार असल्याने त्यांनी स्वतः चव घेतली नाही. बाईंनी कृती विचारली. त्यांनी जायफळापासून सुरुवात करून जे सुचेल ते सांगितलं, आणि बाईंनी तीन प्रतींत टंकून घेतलं.

उरली परी. संध्याकाळी घरी येताना तळमजल्यावर सासरे दारात खुर्ची टाकून बसलेले दिसले. म्हातारा एके काळी पत्र्याचं काम करायचा. त्याची बायको वारल्यापासून मुलीच्या घराखालच्याच खोलीत राहायचा आणि कमी बोलायचा. निरीक्षकांची छाती अजून फुगलेलीच होती. त्यांनी परी त्याच्या हातावर ठेवली आणि मी केलंय म्हणून सांगितलं.

सासऱ्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली. “तुम्ही केलंत?”

“हो, बाबा.”

“बरं,” सासरे म्हणाले.

वर गेल्यावर बायको ओट्यापाशी उभी होती. स्टीलचा डबा उघडा, आल्याच्या बिस्किटांनी काठोकाठ भरलेला.

“अहो, हा डबा इथेच कसा? आणि आईचा डबा कुठे गेला?”

“आईचा म्हणजे?”

मग तिने सांगितलं ते निरीक्षकांना ठाऊक असायला हवं होतं, कारण तिने ते दर उन्हाळ्यात सांगितलं होतं. ती बिस्किटं नव्हतीच. भरपूर मीठ घालून मळलेल्या कणकेच्या, भट्टीत खडखडीत भाजलेल्या शोभेच्या आकृत्या होत्या. चाळीस वर्षांपूर्वी तिच्या आईने केलेल्या. रंग केव्हाच उडून गेले होते. आईच्या हातचं घरात तेवढंच उरलं होतं, आणि उद्या चारला मैत्रिणी मुख्यतः तेच बघायला येणार होत्या.

निरीक्षकांनी हातातली पिशवी पाठीमागे सरकवली. खरं बोलायची हीच वेळ होती. पण ते म्हणाले, “कचेरीत राहिला. उद्या सकाळी आणतो.”

रविवारी सकाळी ते पिशवीत लपवलेला रिकामा डबा घेऊन निघाले. साहेबांनी दार उघडलं, गालाला हात लावलेला. निरीक्षकांनी आडून विचारलं, कालचं बिस्किट उरलं आहे का, म्हणजे जरा बघायचं होतं. साहेब घाईने म्हणाले, छे, उरतंय कसलं, घरात भांडणं लागली त्याच्यावरून. बाईंनी सांगितलं, मुलाने एका घासात संपवलं, अजून मागतोय. भांडारपाल म्हणाला चहात बुडवून खाल्लं, ड्रायव्हर म्हणाला चहाशिवायच खाल्लं.

निरीक्षक रस्त्याच्या कडेला उन्हात उभे राहिले. चाळीस वर्षांचं मीठ. ते कोणाच्या बापाला खाता आलं नसतं. चौघेही धडधडीत खोटं बोलत होते, आणि खोटं ओळखण्यात तर त्यांचा हात कोणी धरला नसता. पण तोंड उघडून म्हणणार काय? तुम्ही ते खाल्लेलं नाही, कारण ते खाण्यासारखं नव्हतं? मग मी केलं म्हणालो त्याचं काय? दुसऱ्याच्या पारड्याखालचं मेण काढायला आधी स्वतःचं काढावं लागणार होतं. आयुष्यभर लोकांना मान खाली घालायला लावणाऱ्या माणसाची मान त्या फुटपाथवर आपोआप खाली गेली, आणि खाली बघायला स्वतःच्या चपलांखेरीज काही नव्हतं.

ते परत साहेबांच्या दाराशी गेले.

“साहेब, मी खोटं बोललो. ती मी केली नव्हती. ती खायचीही नव्हती.”

साहेबांनी गालावरचा हात काढला. मग आत गेले आणि फुलदाणीतून तारा काढून घेऊन आले. एका टोकाला दाताची खूण होती.

“दाढ हलली हो माझी,” ते म्हणाले, आणि ओझं उतरल्यासारखे हसले. “म्हटलं बिचाऱ्याने जन्मात पहिल्यांदा काही केलंय. नाव कसं ठेवायचं?”

खरं बोलणं रोगासारखं पसरत गेलं. बाईंनी घंटा आणून दिली. ती कपाटाच्या हलणाऱ्या पायाखाली होती, आणि काढल्याबरोबर कपाट पुन्हा डुगडुगायला लागलं. कृतीच्या तिन्ही प्रतीही त्यांनी परत केल्या, न मागता. भांडारपालाची मेंढी खिडकी वाऱ्याने आपटू नये म्हणून फटीत बसवलेली होती. तो म्हणाला की इतकी चोख पाचर त्याला याआधी मिळाली नव्हती, आणि चालणार असेल तर वहिनींना अजून एक करायला सांगा. ड्रायव्हरने गाढव बागेत पुरलं होतं. उकरून, झटकून हातावर ठेवताना त्याला निरीक्षकांपेक्षा जास्त लाज वाटत होती. प्रत्येकाच्या दारात निरीक्षकांनी तेच वाक्य म्हटलं, आणि चौथ्या वेळीही ते पहिल्याइतकंच जड गेलं.

दुपारचे तीन वाजले. उरली परी. सासरे आतच होते. निरीक्षक उंबऱ्यावर उभं राहून पाचव्यांदा म्हणाले, “बाबा, ती मी केली नव्हती.”

“ठाऊक आहे,” सासरे म्हणाले. “साचा मीच कापला होता पत्र्याचा. डाव्या पंखाशी कात्री घसरली. पोरीची आई म्हणाली, राहू द्या, उडताना तिरकी दिसेल.”

परी त्यांच्या उशाशी, चष्म्याच्या शेजारी ठेवलेली होती. निरीक्षकांनी तिच्याकडे पाहिलं. काल या माणसासमोर, त्याच्या बायकोच्या हातची वस्तू त्याच्याच हातावर ठेवून, आपण छाती फुगवून उभे होतो.

“काल का नाही बोललात, बाबा?”

“तुम्ही एवढे खूश दिसत होतात,” सासरे म्हणाले. “आणि बोललो असतो तर ती परत द्यावी लागली असती.”

निरीक्षकांनी डबा पुढे केला. सासऱ्यांनी परीकडे हात नेला, आणि तो तिथेच थांबला.

“इतकी वर्षं पोरीकडे एखादी मागावी म्हणतो. पण तिचा पाचांचा संच. बापाने मागायचं म्हणजे लाज वाटते हो.” मग ते हळूच म्हणाले, “तिला सांगा, म्हाताऱ्याने खाल्ली.”

निरीक्षक डबा बंद करून जिना चढले. वर मेज मांडून झालं होतं, काचेचे गोळे टांगलेले होते आणि मधोमध पाच जागा मोकळ्या होत्या. त्यांनी चार आकृत्या ठेवल्या आणि सगळं सांगितलं. डब्याची चूक, कचेरीतली फुशारकी, जायफळ, दोन्ही थापा. बायको कमरेवर हात ठेवून ऐकत होती. गाढवाच्या कानातली माती तिने नखाने काढली, ताऱ्यावरच्या दाताच्या खुणेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “आणि परी?”

सकाळपासून खरं बोलून बोलून निरीक्षकांची जीभ सरळ झाली होती. ती वाकवताना त्यांना त्रास झाला.

“बाबांनी खाल्ली.”

“खाल्ली?”

“हो.”

“बाबांना दात नाहीत.”

“चहात बुडवून खाल्ली असेल.”

तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्या घरात खोटं माप ओळखणारं माणूस एकच नव्हतं. निरीक्षकांनी नजर फरशीवर नेली, आणि कान तापून लाल झाले.  त्यांनी मान वर केली तेव्हा बायको खिडकीपाशी पाठमोरी उभी होती आणि पदराने तोंड पुसत होती. उकाडा होताच म्हणा.

“मी कधी विचारलंच नाही त्यांना,” ती म्हणाली. “एकदाही नाही.”

खालच्या रस्त्यावर रिक्षा थांबल्याचा आणि मैत्रिणींच्या बोलण्याचा आवाज आला. ती वळली. मेजावरची पाचवी जागा तिने तशीच मोकळी सोडली. कपाटातून एक लहानसा पुठ्ठ्याचा डबा काढला, त्यात कापूस पसरला, मधोमध बोटाने खळगा केला आणि डबा नवऱ्याच्या हातात दिला.

“हा बाबांना नेऊन द्या.”

“काय सांगू?”

“सांगा, कापसात ठेवली म्हणजे पचायला बरी पडते.”